दिलेल्या शब्दात काठी नव्हती

बाबा, मी लोकांच्या खिडक्या धुते. सरळच सांगून टाकते, कारण आडून आडून बोललेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. चंद्रपुरात, कधी भद्रावतीला, कधी पार गडचिरोलीच्या पलीकडे, जिथे दोन-तीन मजली इमारत असेल आणि वरच्या खिडक्यांपर्यंत कुणाचा हात पोचत नसेल, तिथे मला बोलावतात. मी जाऊन काचा, चौकटी आणि खिडकीखालची ती बाहेरची पट्टी धुऊन देते. मिस्त्री लोक तिला सिल म्हणतात, तुम्ही पट्टीच म्हणायचात. या कामाला सहा वर्षं झाली. तुम्ही त्याच्या खूप आधी गेलात, म्हणून या विषयावर आपलं भांडण व्हायचं राहून गेलं, आणि घरात माझ्याशी भांडायला तुमच्या तोडीचं दुसरं कुणी नाही. तेव्हा आज लिहायला बसले आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला की नाही, याचा एकदा निकाल लावायचा आहे. आरोपी मी, वकील मी आणि न्यायाधीशही मीच, त्यामुळे निकालाची मला फारशी धाकधूक नाही.

शब्द कोणता, ते तुम्ही विसरला नसाल. मी आठवीत होते. शाळा सकाळची, आणि दुपारी तुमचा डबा घेऊन मी कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या दवाखान्यात यायची. त्या दिवशी मी मागच्या पायऱ्यांवर येऊन बसले आहे आणि वर बघते आहे. तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसला आहात, पाय आत, पाठ बाहेर, एका हातानं चौकट धरलेली आणि दुसऱ्या हातात फडकं. पलीकडे उघडी खाण, त्यामुळे सकाळी पुसलेल्या पट्टीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता यायचं. मी हाक मारत नाही, कारण तुम्ही वर असताना हाक मारायची नाही, एवढं आईनं शिकवलेलं. बसून बसून कंटाळा येतो. बाजूला तुमची बादली, बादलीच्या काठावर दुसरं फडकं. मी ते उचलते, पिळते आणि तळमजल्याच्या एका खिडकीची पट्टी पुसायला लागते. मला वाटतं, बाबा खाली उतरले की खूश होतील.

तुम्ही उतरलात आणि तुमचा चेहरा बघून माझ्या हातातलं फडकं आपसूक खाली पडलं. "कोणं सांगतलं तुले?" म्हणालात. कोणी नाई, म्हटलं मी, बसल्या बसल्या. तुम्ही मला दंडाला धरून नळावर नेलंत, लाल साबण घेतलात आणि माझे हात तीनदा धुतलेत, बोटांच्या पेरांपर्यंत. दारात उभ्या असलेल्या नर्सबाई हसून म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ, पोरगी मदत करून राह्यली." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मदत करणारी पोरगी नाई पाह्यजे मले, सिस्टरबाई. शिकणारी पाह्यजे." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. डबा जसाच्या तसा मी घरी परत नेला. वाटेत मी रडले, आणि डबा उघडून बघितल्यावर आई पण रडली.

संध्याकाळी तुम्ही मला समोर बसवलंत. आवाज चढवला नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "माह्या आज्यानं गावकीचं काम केलं," तुम्ही म्हणालात. "दीक्षा घेतली तवा माह्या बापानं ते सोडलं, गावबी सोडलं. पण बाहेर येऊन त्याले काम भेटलं ते झाडूचंच. मीबी तेच करून राह्यलो. आता हे माह्यापाशी संपलं पाह्यजे. झाडू, फडकं, बादली. ह्या तीन वस्तू तुह्या हातात कोणाच्या दारी दिसल्या नाई पाह्यजे. दे शब्द." मी शब्द दिला. तेरा वर्षांच्या मुलीनं बापाला उपाशी ठेवल्यावर ती वाटेल तो शब्द देते. पण मी तो पाळलाही, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. पाळला म्हणजे इतका पाळला की आपल्या स्वतःच्या घरातल्या खिडक्यासुद्धा आई पुसायची आणि मी आत बसून भूगोल पाठ करायची. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला फडकं धड पिळता येत नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिच्या बापानं हिले राणी करून धाडलं वो, आता आमी तिचे चाकर."

मी बी.कॉम. झाले तेव्हा तुम्ही चंद्रपूरच्या बाजारातून एक पर्स आणलीत. काळी, चामड्यासारखी, आत तीन कप्पे आणि पेन ठेवायला वेगळी जागा. तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती, बसचा पास नव्हता, पर्समध्ये ठेवायला काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पर्स आली म्हंजे नोकरीबी येते." आणि आली की! चंद्रपुरातल्या एका कार्यालयात कंत्राटी का होईना, पण खुर्ची-टेबल, संगणक, डोक्यावर पंखा. ते बघायला तुम्ही एकदा आलात. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी दिसते आहे अशी पँट. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसलात आणि सगळीकडे बघून झाल्यावर हळूच खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलंत. ते काळं झालेलं बोट मला दाखवून पुटपुटलात, "तुमच्या इथचा माणूस कामचोर आहे." मला इतकं हसू आलं. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, बाबा कुठे नोकरीला होते? मी म्हटलं, दवाखान्यात. आणि मी पुढे काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "कंपाउंडर होतो जी." तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी ते तसंच राहू दिलं. पुढची कितीतरी वर्षं त्या कार्यालयात मी कंपाउंडरची मुलगी होते. मला त्याची लाज वाटते, बाबा. तुम्ही बोललात त्याची नाही, मी गप्प बसले त्याची.

त्याच पावसाळ्यात तुम्हाला ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. माझी नोकरी मात्र चालू होती, तेवढं तुम्ही बघून गेलात. ती पुढे कंत्राट संपल्यावर सुटली, तेव्हा तुम्ही नव्हता, ते एका अर्थी बरंच झालं.

नंतर दोन वर्षं मी अर्ज करत फिरले. एकदा अशाच कामाला नागपूरला गेले होते. एका काचेच्या इमारतीसमोर एक माणूस उभा होता आणि त्याच्या हातात एक काठी होती. काठी कसली, तीन मजले उंच दांडा, एकात एक सरकणारा, टोकाला ब्रश आणि ब्रशातून पाण्याच्या धारा. पाय जमिनीवर, मान वर, आणि तिसऱ्या मजल्याची खिडकी धुणं चाललेलं. मी तिथेच उभी राहिले. माझ्या मुलाखतीची वेळ टळून गेली तरी उभी होते. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, क्या देख रहे हो?" मी विचारलं आणि त्यानं सांगितलं. साधं बोअरचं पाणी यात चालत नाही, कारण ते वाळलं की काचेवर पांढरे ठिपके राहतात. यातलं पाणी गाळून गाळून इतकं कोरं केलेलं असतं की वाळताना ते काही मागे ठेवत नाही. म्हणून एकदा धुतलं की झालं, पुसावं लागत नाही. मी त्याला परत विचारलं, फडकं लागतच नाही? तो म्हणाला, "कपडे का काम ही नहीं है, मॅडम." बाबा, तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. झाडू, फडकं, बादली. तुमच्या यादीत काठी नव्हती.

हसू नका, आणि रागावूही नका. मी बी.कॉम. आहे, कागद नीट वाचायला तुम्हीच मला शिकवलंत. परतीच्या बसमध्ये माझा निर्णय झाला होता. नवऱ्यानं साथ दिली, त्याच्या जुन्या छोटा हत्ती टेम्पोत टाकी बसवली, गाळणी बसवली, दांडा आला. तुम्ही दिलेल्या पर्समधला पेनाचा कप्पा आहे ना, त्यात आता पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र असतं. दिसायला पेनासारखंच, अगदी बरोबर बसतं. कुणी लांबून बघितलं तर त्याला वाटावं, बाई ऑफिसला निघाल्या.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचा राग थोडा निवळेल. पहिलं मोठं काम मिळालं ते चंद्रपुरातल्या एका दुमजली घराचं. घरात लग्न, बाहेरून नुकताच फिका पिवळा रंग मारलेला, आणि काचा तेवढ्या धुवायच्या राहिलेल्या. मी थाटात दांडा वर केला, वरच्या खिडकीच्या पट्टीला ब्रश लावला आणि पाणी सोडलं. जपून सोडलं, उगाच भिंत भिजायला नको म्हणून. पट्टीवर सहा महिन्यांची कोळशाची धूळ बसलेली. तिचा झाला चिखल, आणि तो चिखल नव्या रंगावरून खाली यायला लागला. मी घाबरून दुसऱ्या खिडकीकडे गेले, तिथेही तेच. अर्ध्या तासात त्या घराच्या प्रत्येक खिडकीखाली काळे ओघळ, सगळ्या घरानं काजळ घालून रडून घ्यावं तसे. घरच्या बाई अंगणात आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे काय करून ठेवलं वो बाई? परवा हळद आहे ना आमच्या घरी!" मी आणि नवऱ्यानं ती भिंत त्याच ब्रशनं दोन दिवस धुतली, तरी डाग गेले नाहीत. शेवटी रंगारी बोलावून आम्हीच रंग मारून दिला. मांडवाचे बांबू आणणारी माणसं सुद्धा आमच्याकडे बघून हसत होती.

घरी येऊन मी आईजवळ बसले. आई आता माझ्याकडेच असते. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "तुह्या बापानं असं कदी केलं नसतं. कोळशाच्या धुळीले आधी पाणी दाखवायचंच नाई. कोरडी उचलायची. मंग पाणी टाकायचं, आन् टाकायचं तं हात राखून नाई टाकायचं."

मी म्हटलं, तुला कसं माहीत? ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं काही मी तिला माझं नाव विचारलं. "रोज सांगे ना मले," म्हणाली. "तू तिकडे अभ्यासाले बसली का इकडे सैपाकघरात येऊन बसे. आज कोणती खिडकी केली, कशी केली, सारं सांगे. पिठावर दाखवे. परातीतलं कोरडं पीठ फुंकलं तं उडते, पाणी टाकलं तं गोळा होते, तसंच धुळीचं आहे म्हणे. माह्या कणकेचा पार इस्कोट करे तो."

मला आठवलं, बाबा. भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा, सलग, हळू, मधूनच हसायचात. मला वाटायचं, तुम्ही माझ्या फीबद्दल बोलताय. वाटायचं, आपल्यामुळे यांना किती काळजी, आणि मी आणखी जोरात पाठ करायची. तुम्ही तर तिथे बसून परातीतल्या पिठावर खिडकीची पट्टी शिकवत होता! तुम्हाला ते काम आवडत होतं. तुम्हाला त्याचा अभिमान होता, आणि तो तुम्ही माझ्यापासून चोरून, बायकोला कणकेवर दाखवत होता.

मला राग आला. आजही आहे, तो इथे लिहून ठेवते. सुताराची मुलगी रंधा बघत मोठी होते, शेतकऱ्याच्या मुलीला धानाचा बांध कळतो. माझा बाप अख्ख्या कॉलनीत खिडक्यांचा सगळ्यात चांगला कारागीर, आणि त्याच्या मुलीला एवढंही ठाऊक नसावं की कोळशाच्या धुळीला आधी पाणी दाखवायचं नाही? हे चंद्रपुरात पायपुसणं झटकणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मला नव्हतं, कारण तुम्ही माझे हात तीनदा धुतले होते. का धुतले, ते मला कळतं. तुमच्या आज्याला कुणी विचारलं नव्हतं, तू हे काम करशील का. तुमच्या बापालाही नाही. मला मात्र कुणी या कामाला जुंपू नये म्हणून तुम्ही उपाशी राहिलात. हे सगळं कळतं आणि तरीही राग येतो. दोन्ही एकाच पोटात राहतात, त्याला माझा इलाज नाही.

मग मी आईकडे शिकवणी लावली. तुम्ही तिला सांगितलेलं तिनं एकेक करून मला सांगितलं, भाजी चिरता चिरता, टीव्ही बघता बघता. उन्हात तापलेल्या काचेला हात लावायचा नाही. कबुतराची घाण खरडायची नाही, भिजवून बसायचं, ती आपणच सुटते. पट्टी कधी मधून सुरू करायची नाही, भिंतीच्या कोपऱ्यातून निघायचं. मी दांड्याला एक लांब केसांचा कोरडा ब्रश करून घेतला. आता सकाळी वारा पडलेला असताना आधी तो फिरवते, धूळ हळूच कडेला ओढून सोडते, आणि त्यानंतर भरपूर पाणी. माझी दांड्यावरची पकड बसली. सुरुवातीला वरचं टोक इतकं डोलायचं की ब्रश खिडकीला लागायच्या ऐवजी भिंतीला दांडके हाणायचा. आता मी तिसऱ्या मजल्याच्या काचेवरची पाल हाकलून दाखवते, पालीला इजा न करता. माझ्याकडे दोन बाया कामाला आहेत, त्यांना मी पहिल्या दिवशी परातीत पीठ घेऊन बसवते. पिठाची गोष्ट त्यांना इतकी पटते की नंतर चूक होत नाही.

आणि आता एक गोष्ट सांगते जी तुम्हाला ठाऊक नव्हती. खरंच नव्हती, आईला खोदून खोदून विचारलं. तुम्ही खिडकीत बसायचात, वरून. तुम्हाला पट्टीची पाठ दिसायची, जिच्यावर धूळ बसते. मी खाली उभी असते, मला पाठ दिसतच नाही, मला दिसतं पट्टीचं पोट. आणि पोटाला, बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आत, एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी पट्टीखालून भिंतीकडे सरकायला लागलं की त्या खाचेशी अडतं आणि खाली टपकतं, भिंतीला लागत नाही. आपल्याकडे ती खाच कोळशानं बुजलेली असते. मग पाणी सरळ भिंतीवर उतरतं, ओल धरते, आणि घरमालक सिमेंटला शिव्या देतो. मी पट्टी धुतली की ब्रश उलटा करून ती खाच मोकळी करते. तुम्ही इतकी वर्षं त्या दवाखान्याच्या पट्ट्या आरशासारख्या ठेवल्यात आणि तरी भिंतींवर डाग यायचे, आठवतं? आई सांगते, तुम्ही त्याच्यावर हळहळायचात. कारण हे होतं. तुम्ही जिथे बसायचात तिथून ते दिसणं शक्यच नव्हतं. मला ते कळलं त्या दिवशी मी कामावरून घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला तीनदा सांगितलं. घरी आल्यावर सांगायला तुम्ही नव्हता, म्हणून आईला सांगितलं. तिनं निवडायचे तांदूळ खाली ठेवले. "अगं माय," म्हणाली, "हे ऐकून तं तो जेवणच इसरला असता."

आता पट्टीची पाठ न बघता ती स्वच्छ झाली हे मला कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. खाली पडणाऱ्या पाण्यावरून. आधी काळं येतं, मग चहासारखं, मग कोरं. कोरं यायला लागलं की आणखी थोडा वेळ धरायचं. पहिल्या वर्षी मी गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन वरून बघून यायची. आता जात नाही. गिऱ्हाईक जातात, बोट फिरवतात, खाली येऊन बोट दाखवतात आणि काही बोलत नाहीत, कारण बोलण्यासारखं बोटावर काही नसतं.

तर हा माझा बचाव. शब्दात काठी नव्हती. आजवर मी कुणाच्या दारी झाडू, फडकं की बादली धरलेली नाही. सहा वर्षं मी असंच म्हणत आले, आणि मागच्या महिन्यात धानोऱ्याला हा बचाव कोसळला.

गडचिरोलीच्या पलीकडे, धानोऱ्याला मुलींचं एक वसतिगृह आहे, दुमजली, जंगलाला लागून. तिथे कोळसा नाही. मला वाटलं, हे काम म्हणजे हातचा मळ. मोहाची फुलं वेचायचे दिवस, सकाळपासून हवेला तोच वास. दांडा वर केला, काचा झाल्या, पट्ट्यांना ब्रश लावला आणि ब्रश अडकायला लागला. प्रत्येक पट्टीवर, चौकटीच्या कोपऱ्यात, कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. सिमेंटहून कडक. पाण्यानं भिजतात, पण वरची सालच निघते. जोर लावावा तर दांडा वाकतो. माझ्या दोन बायांपैकी एक पाण्याचा पाइप धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, तू पाणी बंद कर. वसतिगृहाच्या मदतनीस बाईंकडून एक फडकं मागून घेतलं. एक बादली पण. आणि जिना चढून वर गेले.

मुली खोलीतच होत्या. मी त्यांच्या खिडकीशी गुडघे टेकून बसले, गजांमधून हात बाहेर काढला, ओलं फडकं त्या मातीच्या घरांवर ठेवून दाबून धरलं, आणि ती मऊ झाल्यावर एकेक सोडवून घेतली. सोळा खिडक्या केल्या. शब्द मोडला, बाबा. काठीबिठीची पळवाट आता काढत नाही. कुणाच्या दारी, फडकं आणि बादली, दोन्ही, तीस मुलींच्या देखत. आणि मला वाईट वाटलं नाही. मी वाईट वाटायची वाट बघत होते, पहिल्या खिडकीला, दुसऱ्या खिडकीला, पण हात कामात रमले होते. पट्टीची पाठ या सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाताखाली होती. मला कुणी जुंपलं नव्हतं. मी माझ्या गाडीतून आले होते, माझं काम मी घेतलं होतं, आणि ते मला नीट करायचं होतं, बस्स. तुम्ही शब्द घेतलात तो यासाठीच घेतलात, असं मला वाटतं. चुकत असेन तर चुकत असेन, पण मला तसं वाटतं आणि मी त्यावर ठाम आहे.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. तिला आवडलं असतं, पिठाचं आणि खाचेचं तर फारच. पण आता यापुढचं तिच्यासमोर मला वाचता येणार नाही, म्हणून घडी करून ठेवून देईन.

शेवटच्या खिडकीशी एक मुलगी होती, नववी-दहावीची, मघापासून पुस्तक उलटं मांडीवर ठेवून माझ्याकडेच बघत असलेली. तिनं विचारलं, "बाई, हे सारं तुमाले कोणं शिकवलं?" हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, नागपूरला शिकले. त्या दिवशी मी म्हटलं, "माह्या बाबानं. दवाखान्यात खिडक्या पुसत होते ते." मोठ्यानं म्हटलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. तुम्ही मला काही शिकवलं नाहीत, पण ते असू दे. मुलगी म्हणाली, "अजून करतेत का जी ते काम?" मी म्हटलं, "नाई, आता घरीच असतात." का म्हटलं ते मला माहीत नाही. तोंडातून गेलं. मग तिनं पट्टीवर पडलेला मातीचा एक तुकडा उचलून माझ्या बादलीत टाकला आणि विचारलं, "मंग त्यायले पसंत आहे का तुमचं हे काम?"

मी फडकं पिळलं. "हो," म्हटलं, "लय पसंत आहे." तुम्हाला न विचारताच हो म्हणून मोकळी झाले, बाबा.